एकट्याच आलात?

कोकणकन्या एक्स्प्रेस ठाण्याला पोहोचायच्या आत बाईंची सहरी उरकली होती. घरून बांधून आणलेल्या तांदळाच्या दोन भाकऱ्या, उकडलेले अंडे, एक केळे आणि थर्मासमधला चहा. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वी, फजरच्या अजानआधी घ्यायचे जेवण. डब्यात बहुतेक सगळे झोपलेले. समोरच्या बर्थवरचा तरुण मात्र जागा होता. त्याने डबा भरताना पाहिले आणि विचारले, "काकी, एकट्याच आलात?"

दिवसभरात हा प्रश्न त्यांना आणखी कितीतरी वेळा विचारला जाणार होता.

बाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वय 61. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आयुष्य गेले, त्यामुळे मोहल्ल्यात आणि बाजारपेठेत लहानथोर सगळे त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखतात. कोकणातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांसारखीच त्यांच्या घराचीही एक बाजू समुद्राकडे. पती बोटीवर नोकरीला होते, मुलगा आता कुवेतला आहे. पतींनी नोकरी सोडल्यापासून दर रमजानमध्ये नवरा-बायको एक दिवस मुंबईला येत. पहाटेच्या गाडीने यायचे, ईदची खरेदी करायची, रात्रीच्या गाडीने परत. मुंबईचा कानाकोपरा माहीत असलेले पती हातात यादी घेऊन पुढे चालायचे आणि बाई मागून. त्या हसत सांगतात, "वीस वर्षं मुंबई पाहिली ती त्यांच्या पाठीमागून."

तीन वर्षांपूर्वी पती गेले. त्यानंतरचे दोन रमजान बाई गावातच राहिल्या. यंदा त्यांनी एकटीचेच तिकीट काढले. मोहल्ल्यात दोन मते झाली. कुणी म्हणाले, बाईमाणसाने एकटीने एवढा प्रवास करू नये. कुणी म्हणाले, जायचेच तर रोजा तरी धरू नका. प्रवाशाला सवलत आहे, सुटलेला रोजा नंतर भरून काढता येतो. मुलगा फोनवर म्हणाला, "अम्मी, लागतं ते ऑनलाइन मागव." बाईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि रोजा धरूनच गाडीत बसल्या.

मान वर करून पाहिलेले स्टेशन

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडी लागली तेव्हा उजाडायचे होते. महिलांच्या प्रतीक्षालयात फजरची नमाज झाली. एकट्या बाईला परक्या शहरात दिवस काढायचा तर दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात: नमाज कुठे पढायची आणि स्वच्छतागृह कुठे मिळेल. या भागातल्या मशिदी भरपूर, पण त्यातल्या बहुतेकांत बायकांसाठी जागा कुठे आहे हे विचारत फिरावे लागते. बाईंनी गावातूनच ठरवून ठेवले होते की स्टेशन हा आपला मुक्काम. सामानघरात पिशवी ठेवायची, दुपारी परत यायचे.

उन्हे आल्यावर त्या स्टेशनबाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत कधी मान वर करून पाहिले नव्हते, कारण मागे राहिले तर चुकण्याची भीती. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रेखाटलेली ही इमारत 1878 ला सुरू होऊन 1888 ला पूर्ण झाली. 2004 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. भिंतींवरचे मोर, माकडे, पानेफुले घडवण्यात जवळच्याच जे. जे. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हात होता. आणि सगळ्यात वर, मधल्या घुमटाच्या टोकावर, हातात मशाल घेतलेला एका स्त्रीचा पुतळा आहे. त्याचे नाव 'प्रगती'. खालून रोज लाखो माणसे धावतात. एकट्या माणसाला कुणाला गाठायचे नसते, म्हणून ती दिसते.

फुल्यांच्या नावाची मंडई

तिथून क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांवर. आर्थर क्रॉफर्ड या मुंबईच्या पहिल्या महापालिका आयुक्तांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले असले तरी अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत 1869 ची, वास्तुरचनाकार विल्यम इमर्सन. 1882 मध्ये इथे विजेचे दिवे लागले. देशात विजेवर उजळलेली ही पहिली इमारत असे सांगतात. प्रवेशद्वाराच्या कमानींवर दगडात कोरलेले शेतकरी आहेत. ते काम लॉकवुड किपलिंग यांचे. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे हे वडील, जे. जे. मध्ये शिकवत असत. रुडयार्डचा जन्मही त्याच आवारातला, 1865 चा.

बाईंना हे सगळे शिकवून माहीत होते, पण कमानीखालचे ते शेतकरी त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या. शेतकऱ्याचा आसूड हाती घेणाऱ्या माणसाचे नाव पुढे याच मंडईला मिळावे, हा योग त्यांना आवडला. वर्गात सांगायला छान होता, पण आता वर्ग नव्हता.

आत फळांच्या राशी लागलेल्या. रमजानमध्ये टरबूज, पपई, केळी यांना उठाव असतो, कारण संध्याकाळी रोजा सोडताना पोटाला पाणीदार फळ लागते. एका फळवाल्याने कापलेल्या टरबुजाची फोड पुढे केली. बाईंनी हाताने 'नको' म्हटल्यावर तो चटकन म्हणाला, "रोजा आहे होय? माफ करा, मावशी." कपाळाला गंध लावलेल्या त्या माणसाने फोड मागे घेतली आणि अख्खे टरबूज संध्याकाळसाठी घ्या म्हणून मागेच लागला. बाईंनी ते घेतले नाही. पुढे दिवसभर चालायचे होते.

'मशीद' नावाचे सिनेगॉग

यादीतल्या पहिल्या दोन ओळी होत्या खजूर आणि केशर. खजूर घरासाठी. केशर शाळेतल्या जुन्या सहकारी, शेजारच्या वहिनींसाठी. यंदा पाडवा आणि ईद मागेपुढेच येत आहेत. वहिनींच्या श्रीखंडाचे केशर आणि बाईंच्या शीरखुर्म्याचे केशर एकाच डबीतून यायचे ठरले होते.

सुक्यामेव्याची घाऊक पेठ मशीद बंदरला. क्रॉफर्ड मार्केटहून पूर्वेला गल्ल्यांतून चालत गेले की हातगाड्या, हमाल, गोणी आणि मसाल्यांचा वास यांतून ती सुरू होते. दुकानदाराने खजुराचे सहा प्रकार चाखायला मांडले, मग स्वतःच जीभ चावली. "खाला, अकेली आयी हो? कोई साथ में नहीं?" बाई म्हणाल्या, "अकेली." त्याने नोकराला बोलावून पिशवी नीट बांधून दिली आणि उन्हातून न जाण्याचा सल्ला दिला.

बाई गेल्याच उन्हातून. पतींनी एकदा चालता चालता बोट दाखवून सांगितलेली एक जागा त्यांना पाहायची होती. तेव्हा थांबायला वेळ नव्हता.

मध्य रेल्वेवर 'मशीद' नावाचे स्टेशन आहे. नाव ऐकून कुणालाही वाटेल की एखाद्या मशिदीवरून पडले असेल. पण जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर ज्यूंचे एक जुने प्रार्थनास्थळ आहे, शार हारहमीम, म्हणजे 'दयेचे द्वार'. ते 1796 मध्ये बांधले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचे नाव त्यावरूनच आले असे मानले जाते. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, अशी त्यांची कथा सांगतात.

दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांची नावे आडनावात घेऊन हे लोक मुंबईत आले. गावाकडे त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बाईंच्या मोहल्ल्यातही निम्मी आडनावे 'कर' वर संपतात. बंद दारासमोर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मुंबईत एका स्टेशनला मशीद म्हणतात ते ज्यूंमुळे, आणि ते ज्यू आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. एवढी गोष्ट वहिनींना सांगण्यासाठी त्यांनी मनात बांधून घेतली.

तळ्यावरची जामा मशीद

परतीच्या वाटेवर शेख मेमन स्ट्रीटला जामा मशीद लागते. गल्लीतून चालणाऱ्याला आधी दुकानेच दिसतात. पण ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. जागा देताना तळे जसेच्या तसे राखायचे अशी अट होती, असे सांगतात. म्हणून तळ्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारल्या आणि त्यांवर इमारत चढवली. 1802 मध्ये काम पुरे झाले. पाणी आजही आहे, त्यात मासे आहेत, आणि नमाजी तिथे वजू करतात, म्हणजे नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुतात. ही मशीद उभी करण्यात आणि सांभाळण्यात कोकणी मुस्लिम व्यापाऱ्यांचा, जहाजांच्या नाखुदांचा मोठा वाटा राहिला. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. बाईंचे पती इथे जोहरला जायचे तेव्हा बाई पिशव्या सांभाळत बाहेर उभ्या राहत. आज सांभाळायला पिशवी एकच होती.

मशिदीपासून चालत काही मिनिटांवर मुंबादेवी, जिच्यावरून शहराला नाव मिळाले. मध्ये जव्हेरी बाजार, शेजारी मंगळदास मार्केट. सोन्याच्या दुकानातला कारागीर बंगाली मुसलमान असू शकतो, मशिदीच्या पायथ्याशी कापड विकणारा गुजराती हिंदू असू शकतो. एकमेकांच्या सणांवर दोघांचाही हंगाम अवलंबून असतो. मंगळदासमध्ये बाईंनी सुनेसाठी आणि पुतणीसाठी मीटरवर कापड घेतले. घासाघीस झाली. "ताई, बरोबर कोणी पुरुष नाही, म्हणून तुम्हाला खरा भाव सांगतो," दुकानदार म्हणाला. "पुरुष असता तर खोटा सांगितला असता का?" बाईंनी विचारले. दुकानातले सगळे हसले आणि भाव आणखी खाली आला.

भर दुपारी त्या स्टेशनवर परतल्या. पिशव्या सामानघरात ठेवल्या. जोहरची नमाज प्रवाशाची, चार रकातींऐवजी दोन. मग पंख्याखाली डोळे मिटून तासभर बसल्या. तहान लागली होती. एकट्याने रोजा धरताना एक गोष्ट कळते: पाहणारे कोणीच नसते. बाटली पिशवीत असते, पाण्याची टाकी समोर असते, आणि थांबवणारे आपल्याशिवाय कोणी नसते.

पुलाखालचा रस्ता

दुपार कलल्यावर मोहम्मद अली रोड. मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव असलेल्या या रस्त्यावरून 2002 पासून सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल जातो. गाडीतला माणूस पाच मिनिटांत पार होतो. खाली काय आहे हे त्याला कळतही नाही. पुलाचे नाव मात्र वाचण्यासारखे आहे: कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीमला निधन पावलेले हे विद्वान सूफी. कुराणाचे भाष्य त्यांनी अरबीत लिहिले. त्यांच्या माहीमच्या दर्ग्यातल्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल मानाने येतो. बाईंनी पाटी वाचली. दिवसात तिसऱ्यांदा कोकण भेटले होते.

पुढे भेंडी बाजार. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणजे 'बिहाइंड द बाजार', त्याचे भेंडी बाजार झाले असे काही म्हणतात. काहींच्या मते इथे भेंडीची झाडे होती. आता जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. याच वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातल्या बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ राहिले, आणि हिंदुस्थानी संगीताला भेंडी बाजार घराणे मिळाले. नजीर खाँसाहेबांची शिष्या अंजनीबाई मालपेकर मूळ गोव्याची. याच घराण्यातल्या अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकरांनी काही काळ तालीम घेतली. आज त्या गल्लीत बोहरी टोप्या, रिदा, अत्तर आणि मिठाई विकली जाते. गाणे ऐकू येत नाही. बाईंच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर मात्र ते रोज सकाळी येते.

मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार हे या दिवसातले सगळ्यात निवांत ठिकाण. हा मूळचा 'शोर बाजार', गोंगाटाचा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. जुनी दुकाने शुक्रवारी बंद असतात, म्हणून बाई गुरुवारी आल्या होत्या. भोंग्याचे ग्रामोफोन, जहाजावरचे कंदील, होकायंत्रे, सिनेमाची जुनी पोस्टरे, लामणदिवे, समया. कुठल्या देवघरातून निघाल्या आणि कुठल्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जाणार, हे त्या समयांनाच ठाऊक. एका दुकानात शाळेचा गोल पितळी टोल लटकत होता. बाईंनी लाकडी हातोडीने हळूच एक ठोका दिला. दुकानदाराने वर पाहिले. "घेताय का, आपा?" किंमत ऐकून बाई म्हणाल्या, "नाही. पण आवाज खरा आहे."

यादीशिवाय दुकानात उभे राहणे, काही न घेता बाहेर पडणे आणि त्याबद्दल कुणाला उत्तर न देणे. बाईंना ही चैन नवी होती.

"हात द्या, खाला"

साडेसहा वाजत आले. मिनारा मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत अंगाला अंग लागत होते. कढयांतून भजी निघत होती, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. बाई गर्दी चुकवायला बांगड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर चढल्या. गल्ल्यावर साधारण त्यांच्याच वयाची बाई होती. तिने सवयीने सांगितले, "हात द्या, खाला. दोन-सहाचं माप दिसतंय."

बाईंनी हात मागे घेतला.

तीन वर्षांपूर्वी उतरवलेल्या बांगड्या त्यांनी पुन्हा भरल्या नव्हत्या. धर्माचे बंधन म्हणावे तर ते नाही. पतीच्या निधनानंतर स्त्रीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. त्या काळात दागिने, सुगंध, शृंगार टाळायचा. ती मुदत संपली की कपड्यांच्या रंगाला मनाई नाही, बांगडीला नाही, दुसऱ्या लग्नालाही नाही. पण कोकणातल्या मोहल्ल्यात शरियतीशेजारीच गावाची रीत राहते, आणि गावाची रीत सगळ्या आळ्यांत सारखीच. शेजारच्या वहिनींच्या हातातही पाच वर्षे बांगडी नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. बाईंनी आणि वहिनींनी ती बातमी मिळून वाचली होती. दोघींना ठराव पटला होता. बांगड्या मात्र दोघींपैकी कुणीच भरल्या नव्हत्या.

"एकट्याच आलात?" दुकानातल्या बाईने विचारले.

"हो."

"रोजा आहे ना? मग आता कुठे जाणार? इथेच बसा."

शटर अर्धे खाली आले. फरशीवर प्लास्टिकचा दस्तरखान पसरला. कापलेली पपई आणि टरबूज, चण्याची उसळ, कांदाभजी, गुलाबी सरबत. काउंटरवरचा मुलगा हिंदू होता, बिहारचा. फळे त्यानेच कापली होती आणि अजान होईपर्यंत तोही थांबून राहिला होता. दुकानातल्या बाई, त्यांची सून, दोन गिऱ्हाईक मुली, तो मुलगा आणि बाई. मगरिबची अजान झाली, पावणेसातच्या पुढे. आधी खजूर, मग पाणी. तीन वर्षे बाई गावात एकट्याच रोजा सोडत आल्या होत्या, ताटापुढे घड्याळ ठेवून. गर्दीच्या शहरात एकट्या आल्या, आणि इफ्तारला पंगत मिळाली.

नमाजेसाठी त्यांना शिडीने पोटमाळ्यावर नेले. बांगड्यांच्या खोक्यांमध्ये दोन चटया मावतील एवढी जागा. दिवसभर शोधावी लागलेली जागा इथे न मागता मिळाली.

खाली आल्यावर दुकानातली बाई म्हणाली, "माझेही वारले. बारा वर्षं झाली. मी मणियाराची पोर, लोकांच्या पोरींचे चुडे भरत वाढले. गावात हिंदूंच्या लग्नाचा चुडासुद्धा माझा बापच भरायचा. नवरा गेल्यावर सासूने सांगितलं, रिकाम्या हाताने दुकानात बसू नकोस, गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवेल?" ती हसली आणि आपले दोन्ही हात पुढे केले. फिरोजाबादच्या काचेच्या, निळ्या.

बाईंनी थोडा वेळ काही म्हटले नाही. मग हात पुढे केला.

मणियारणीने अंगठ्याखालचा भाग दाबत, एकेक करत, सहा बांगड्या चढवल्या. रंग मोरपिशी. दुसऱ्या हातात सहा. एकही तडकली नाही. पैसे देताना बाई थांबल्या. "असाच एक डझन अजून द्या. दोन-चारच्या मापाच्या." कुणासाठी, हे दुकानातल्या बाईने विचारले नाही.

रात्रीची गल्ली

मगरिबनंतर मिनारा मशिदीची गल्ली वेगळीच होते. तव्यांवर मालपुवे फुगतात, अंड्याचे, तुपात निथळणारे. मातीच्या पसरट बशांत फिरनी. नल्ली निहारी, बैदा रोटी, कबाब. 1936 पासूनच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे अफलातूनसाठी रांग. वहिनींनी अफलातून सांगितले होतेच, ते घेतले. रांगेत पुढे पुण्याहून आलेली कॉलेजची मुले होती. आम्हाला इथे यायचे तर काही नियम असतात का, असे ती कुजबुजत होती. बाईंच्यातली शिक्षिका जागी झाली. नियम एकच, त्या म्हणाल्या: पोट रिकामे ठेवून यायचे. रोजा नसलेल्याने दिवसा खाल्ले तरी कुणाची हरकत नसते, पण खरी मजा इफ्तारनंतर. नमाज चालू असताना रस्ता अडवायचा नाही, कुणाचा फोटो काढायचा तर विचारून काढायचा, आणि शाकाहारी असाल तर फिरनी खायची.

मशिदीतून तरावीहचे, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या लांब नमाजेतले, कुराणपठण ऐकू येत होते. बाईंनी पुलाखालून स्टेशनचा रस्ता धरला. सकाळी परका वाटलेला रस्ता पायाखालचा झाला होता.

परतीची गाडी रात्री अकराच्या सुमाराची. सामानघरातून पिशव्या काढल्या, बर्थ गाठला. मुलाचा कुवेतहून फोन आला. रोजा कुठे सोडला, कुणाबरोबर, त्रास तर झाला नाही ना? बाईंनी ज्यूंची मशीद सांगितली, तळ्यावरची मशीद सांगितली, शाळेचा टोल सांगितला. बांगड्यांचे सांगितले नाही. ते ईदच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याला आपोआप दिसणार होते.

मोरपिशी बांगड्यांचे दुसरे पुडके केशराच्या डबीशेजारी, पर्समध्ये. पाडव्याआधी ते वहिनींकडे पोहोचेल. घालायच्या की कपाटात ठेवायच्या, हे वहिनी ठरवतील.

गाडी सुटल्यावर तिकीट तपासनीस आला. यादीवर खूण करत त्याने विचारले, "एकट्याच आहात का, मॅडम?"

"हो," बाई म्हणाल्या, "एकटीच."